मान आणि धन

भाजीबाजारात मेथीच्या जुडीमागे दोन रुपये कमी व्हावेत म्हणून पाच मिनिटे खर्ची घालणारा मध्यमवर्गीय गृहस्थ, स्वतःच्या कामाचे दाम सांगायची वेळ आली की एकाएकी कसा संत होतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी गेल्या वर्षापर्यंत माझ्या घरी यायला हरकत नव्हती. समोरचा विचारी, “मग सर, आपलं काय ते?” आणि मी खिडकीबाहेर पाहत म्हणे, “अहो, तुम्ही परके का आहात? काय ते तुम्हीच ठरवा.” तो ठरवी. म्हणजे शाल ठरवी, नारळ ठरवी आणि कधी हात सैल सुटला तर भिंतीवरचे घड्याळ ठरवी. आमच्या दोन खोल्यांत चार घड्याळे आहेत आणि ती चारही वेगवेगळी वेळ दाखवतात.

हे कसले दाम, ते आधी सांगितले पाहिजे. चंद्रपुरात मी मराठी शिकवतो. परमेश्वराने रूप देताना हात आखडता घेतला, पण आवाज मात्र बरा दिला. त्यामुळे स्नेहसंमेलनाचे निवेदन, पुढाऱ्यांच्या सत्काराचे सूत्रसंचालन, मग एखाद्या कापडदुकानाची दिवाळीची जाहिरात, मग एखाद्या माहितीपटाचे निवेदन, असे करता करता गावातल्या लोकांना सवय लागली की आवाज हवा असला तर सरांकडे जावे. सर नाही म्हणत नाहीत. सर पैशाचेही नाव काढत नाहीत. हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

सौभाग्यवतींना ते आधीच कळले होते. दर खेपेला नवी शाल घडी घालून कपाटात ठेवताना त्या म्हणत, “चांदा जिल्ह्यात थंडी दोन महिने. शाली मात्र बारा वर्षांच्या झाल्या.”

मराठीचा मास्तर असल्यामुळे अशा वेळी मी शब्दांच्या आड लपतो. आमच्या भाषेत या गोष्टीला शब्द किती! निरोप देताना हातावर ठेवायची ती बिदागी. कष्टाचा तो मेहनताना. देवघेवीतला तो मोबदला. महिन्याच्या महिन्याला मिळे तो जुन्या काळचा मुशाहिरा. आणि आपणा सुशिक्षितांचा लाडका शब्द म्हणजे मानधन. वर्गात त्याचा विग्रह करताना मी सांगत असे, मान म्हणून दिलेले धन. व्यवहारात मात्र त्यातला मान तेवढा व्यासपीठावर मिळतो आणि धन मागाहून पाठवतो म्हणतात. शब्द एवढा सभ्य आहे की त्याच्यापुढे ‘किती?’ हा प्रश्न विचारायची जीभ होत नाही.

पण मागच्या चैत्रात एक गोष्ट घडली आणि हे शब्दांचे पांघरूण माझ्या अंगावरून ओढले गेले.

चैत्र म्हणजे आमच्याकडे मोहफुलांचे दिवस. पहाट फुटायच्या आत माणसे टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, झाडाखाली वाकून फुले वेचतात. वाघाला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही. चार पायांचे सावज वाटते. म्हणून या दिवसांत गावोगाव जीप फिरते आणि भोंग्यावरून बजावले जाते की एकट्याने जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका, फार वेळ वाकून बसू नका. अशाच एका कामाचा ठेका घेतलेले एक जाहिरातवाले गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, समाजकार्य आहे. माणसं वाचतील.” माणसे वाचणार म्हटल्यावर पैशाचे कोण बोलणार? अर्ध्या तासात मी सारा मजकूर ध्वनिमुद्रित करून दिला. ‘वन्यप्राण्यांपासून सावधगिरी बाळगावी’ हे वाक्य तर मी असे काही म्हटले की माझे मलाच भरून आले.

पुढे आठ दिवसांनी मूलच्या बाजूच्या एका खेड्यात जायचा योग आला. जीप आली, भोंगा वाजला, मी कान टवकारले. एका ओसरीवर एक म्हातारी बसली होती. तिने शेजारणीला विचारले, “आता कायची निवडणूक हाय वो?” शेजारीण म्हणाली, “निवडनूक नोहे, बातम्या हायेत.” दोघी पुन्हा आपल्या कामाला लागल्या. शेवटी त्यांची टोपली उचलून द्यायच्या निमित्ताने मीच तोंडी सांगितले, तेव्हा त्यांना ते कळले.

हा झाला निम्मा धडा. उरलेला निम्मा घरी आला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. बी.ए.ला असताना तिचे शुद्धलेखन मी लाल शाईने रंगवून काढले होते. आता ती झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते. दिवाळी सरली, गावोगाव मंडई भरू लागली की आमच्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवायच्या सुमारास पडतो. होळीनंतर मात्र रंगभूमीवर चिटपाखरू नसते. ते सात-आठ महिने ही मुलगी आवाजाची कामे करते. राहत्या खोलीच्या चारही भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घामाच्या धारा पुसत ध्वनिमुद्रण करते. एक पुस्तक परत द्यायला म्हणून ती आली आणि चहा घेता घेता सहज म्हणाली, “सर, ते वाघाचं काम तुम्ही केलंत ना? ऐकलं मी. छान झालंय.”

मी विनयाने मान हलवली.

“आधी माझ्याकडे आलं होतं ते. मी सहा हजार सांगितले होते. तीन तालुक्यांसाठी तीन तऱ्हेची बोली करून द्यायची, दोनदा दुरुस्ती करून द्यायची, सगळं धरून. ते म्हणाले, ‘तुमच्या सरांनी फुकट कबूल केलं. ते एवढे मोठे प्राध्यापक, आणि तुम्ही...’” तिने वाक्य पुरे केले नाही. कपबशी खाली ठेवली. “माझं काही म्हणणं नाही, सर. पण तुमचा पगार एक तारखेला येतो. माझी एक तारीख कुठे असते?”

तिच्या आवाजात राग असता तर मला उत्तर सुचले असते. राग नव्हता, म्हणून सुचले नाही. मी आपल्या समजुतीने उदार झालो होतो, पण ते औदार्य तिच्या ताटातले होते. शिवाय ज्यांच्यासाठी ते काम होते त्या म्हातारीलाही त्याचा उपयोग नव्हता. एका वाक्याच्या संकोचाने मी दोन घरचे नुकसान केले होते.

जाताना ती म्हणाली, “एकदा वडशाला या ना, सर. आमच्या भाऊंना भेटा. आकडा कसा सांगायचा ते त्यांनीच मला शिकवलं.”

दसऱ्यानंतर मी खरोखरच गेलो. चांदा फोर्टला गाडीत बसले की मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करीत, वैनगंगा ओलांडून वडसा येते. सरकारदरबारी त्याचे नाव देसाईगंज, पण नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी ऐकले नसेल, पण या गावात रस्त्याने चालताना किराणा दुकानांच्या शेजारी नाटक कंपन्यांच्या पाट्या दिसतात. हंगाम जवळ आला की खेड्यापाड्यांची मंडळे इथे येतात, नाटक निवडतात, नट निवडतात, तारीख बांधतात आणि विसार देऊन परततात. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर हजारो प्रयोग करून मोठे झाले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला झाडीपट्टी कुठे आहे ते नकाशात शोधावे लागले असेल, वडशाला मात्र पेढे वाटले गेले असतील.

भाऊ साठीचे. तीस-पस्तीस वर्षे खलनायकाची कामे करून आवाज असा झालेला की ‘बसा’ म्हटले तरी माणूस दचकून बसावा. मी गेलो तेव्हा समोर एका खेड्याचे चार गृहस्थ बसले होते. बोलणे अखेरच्या टप्प्यात होते. भाऊंनी आकडा सांगितला आणि ते गप्प झाले. नुसते गप्प. पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली, चुना लावला. चौघे एकमेकांकडे पाहू लागले. एकाने खाकरून म्हटले, “जरासं जास्त होते जी.” भाऊ म्हणाले, “होते ना. मग असं करा, दोन लावण्या कमी करा. एक नर्तकी कमी येईल, तेवढे पैसे कमी होतील.” चौघांचे चेहरे पडले. लावण्यांवाचून नाटक नेले तर गावात परत कसे जायचे? दहा मिनिटांत विसार टेबलावर आला.

ते गेल्यावर मी माझी कर्मकथा सांगितली. भाऊ मनसोक्त हसले.

“सर जी, तुम्ही आकडा सांगतच नाही, अन् सांगितला तरी लगेच त्याच्यावर माती टाकता. ‘एवढे होतात, पण तुम्ही काय द्याल ते द्या.’ हे ‘पण’ कायले पाहिजे? आकडा सांगावा न् तोंड मिटावं. तुम्हाले नाटकात विराम शिकवला नाही का?”

विराम! रंगभूमीवरील विरामाचे महत्त्व या विषयावर मी तीन व्याख्याने दिलेली आहेत. तो घरच्या बैठकीतही घ्यायचा असतो, हे एकदाही सुचले नव्हते.

मग त्यांनी आपल्या हिशेबाची रीत सांगितली. इथे नटाचा भाव ‘नाइट’वर असतो. एक प्रयोग म्हणजे एक नाइट. नायकाची वेगळी, विनोदी नटाची वेगळी, ऑर्गनवाल्याची वेगळी, तबल्याची वेगळी. प्रत्येकाला आपली नाइट ठाऊक असते आणि ती सांगताना कोणी मान खाली घालीत नाही. “आमचं दुसरं असं हाय,” भाऊ म्हणाले, “की भाव उतरवायचा नाही, काम उतरवावं. पैसे कमी हायेत? गाणं कमी करा, दिवस कमी करा. पण तेवढंच काम कमी पैशात केलं की पुढच्या साली तोच तुमचा भाव झाला. अन् तुमचा एकट्याचा नाही, साऱ्यांचा.”

“आणि फुकट?” मी भीत भीत विचारले.

“फुकट बी करावं जी. मी आमच्या गावच्या मंडईत एक प्रयोग दर साली फुकट करतो. पण ते मी ठरवतो, मागणारा नाही ठरवत. अन् जिथं दुसऱ्याची नाइट मरते तिथं फुकट जात नाही. ते दान नव्हे, ती चोरी होते.”

परतीच्या गाडीत हे वाक्य मला पुरले. वाचनाची खोड असल्यामुळे घरी आल्यावर मी या प्रकरणाचा माग काढला आणि लक्षात आले की कंठाच्या किमतीचा प्रश्न आमच्या रंगभूमीइतकाच जुना आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभे केले ते राजाच्या आश्रयावर. चिंतामणराव पटवर्धन 1851 साली गेले, आश्रय सुटला, आणि भाव्यांना नाटक घेऊन गावोगाव जावे लागले. बिदागी संपली आणि तिकीट आले. पुढे नाटक मंडळ्यांत नटाला महिन्याचा पगार आणि मंडळीचे जेवण असे. मंडळ्या मोडल्या, तेव्हा पगार गेला आणि प्रत्येक नटाला आपली नाइट आपल्या तोंडाने सांगावी लागली. आकाशवाणीने आणखी एक तोड काढली. तिथे नाट्यकलावंताच्या आवाजाची चाचणी घेऊन बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी देतात आणि श्रेणीप्रमाणे मोबदला ठरतो. घासाघीस नाही, संकोच नाही. फक्त आपली श्रेणी कोणती ते शेजाऱ्याला कळू नये एवढी चिंता.

आणि मोबदला हातात पडला म्हणजे आवाजावरचा आपला हक्क संपतो का? याच प्रश्नावरून साठच्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांचे बिनसले होते. गाण्याच्या तबकड्या विकल्या जातात तोवर गायकाला त्यात वाटा हवा, असे लताबाईंचे म्हणणे. गाऊन झाले, पैसे घेतले, संपले, असे रफीसाहेबांचे. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. देशातले दोन सर्वांत गोड गळे एका हिशेबावरून रुसू शकतात, तर आपण ‘पैशाचे काय एवढे’ म्हणावे हे जरा अतीच झाले. आता कायद्याने या वादात कलावंताची बाजू पुष्कळ उचलून धरली आहे. आमचा कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्यात कला सादर करणाऱ्याचे स्वतःचे हक्क 1994 मध्ये आले आणि 2012 च्या दुरुस्तीने ते वाढले. आपले नाव लागावे आणि आपल्या कामाची मोडतोड होऊ नये, हेही त्यात धरले आहे.

हे सारे मी माझ्या विद्यार्थिनीला मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. तिने वहीचे एक पान पुढे केले. त्यावर गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न लिहिलेले होते. आवाज कुठे वाजणार, एका दुकानाच्या दारात की साऱ्या जिल्ह्यात? किती महिने? दुरुस्त्या किती वेळा? मजकूर तुम्ही बदललात तर त्याचे वेगळे का? निम्मे पैसे आधी मिळतील का? “मिनिटांवर भाव नसतो, सर,” ती म्हणाली. “एका सोनाराची जाहिरात वर्षभर माझ्या आवाजात वाजली तर दुसरा सोनार मला बोलवत नाही. ते न मिळालेलं काम त्या पैशात धरावं लागतं.” आणि शेवटचा प्रश्न असा होता की, माझा आवाज यंत्राला शिकवणार नाही ना? कारण आता एकदा ध्वनिमुद्रण हाती आले की यंत्र त्याच आवाजात हवे ते बोलू शकते. अरिजित सिंग या गायकाला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि जुलै 2024 मध्ये न्यायालयाने त्याच्या आवाजाच्या अशा नकलांना मनाई केली. “त्याच्यापाशी वकील आहे,” ती म्हणाली, “माझ्यापाशी ही वही.” पानावर शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी लाल शाई काढली नाही.

यथावकाश माझी परीक्षा आली. डिसेंबरात एक सराफ आले. जाहिरात होती, साऱ्या जिल्ह्यात सहा महिने वाजायची. चहा झाला, हवापाणी झाले, आणि तो प्रश्न आला, “मग सर, आपलं काय ते?” मी वहीतले प्रश्न विचारले. ते जरा चकित झाले. मग मी आकडा सांगितला.

आणि गप्प राहिलो. वाचकहो, वर्गात शंभर मुलांसमोर तीस वर्षे बोलणे सोपे आहे, पण आकडा सांगून अर्धे मिनिट न बोलणे महाकठीण! भिंतीवरची चारही घड्याळे टिकटिकत होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे तिकडेही कान इकडेच होते. ‘पण’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन तीनदा परत गेला.

“जास्त होतात, सर. आपण तर असं...” सराफ म्हणाले.

“मग तीन महिनेच वाजवा,” मी म्हणालो. “निम्मे द्या.”

ते “कळवतो” म्हणून उठले आणि त्यांनी कधीच कळवले नाही. मला वाईट वाटेल असे मला वाटले होते, पण वाटले नाही. पंधरा दिवसांनी विद्यार्थिनीचा फोन आला. ते काम तिला मिळाले होते, तिच्या स्वतःच्या भावात. “तुमचा आकडा ऐकून आले होते ना, सर, माझा ऐकून त्यांना धक्का बसला नाही.” एवढ्या वर्षांत माझ्या आवाजाने कुणाचे इतके भले झाले नसेल, जेवढे त्या दिवशीच्या गप्प बसण्याने झाले.

यंदाच्या चैत्रात ते जाहिरातवाले गृहस्थ पुन्हा आले. पुन्हा वाघ, पुन्हा समाजकार्य. मी म्हटले, “हे काम माझं नव्हे. माझी भाषा त्या लोकांना परकी वाटते.” आणि तिचे नाव सांगितले. “अहो, पण त्या पैसे मागतात!” “मागणारच,” मी म्हणालो, “जीपवाला मागत नाही? डिझेलवाला मागत नाही? मग समाजकार्य काय एकट्या आवाजानेच करायचे?” त्यांना हे पटले असे दिसले नाही. पण दोन दिवसांनी ते तिच्याकडे गेले. सहा हजार दिले. निम्मे आधी, निम्मे नंतर.

एप्रिलात मी मुद्दाम त्याच खेड्यात गेलो. तीच जीप, तोच भोंगा. त्यातून हाक यावी तसा आवाज आला, “माय, मोहा येचाले एकटी जाऊ नोको वो!” आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि परीक्षेत त्याचे गुण मी आजवर कापत आलो. ओसरीवरची ती म्हातारी उठून कुंपणापाशी आली. तिने सारे ऐकून घेतले आणि आत वळून हाक मारली, “अवो, उजाडल्यावर जाऊ आपन. थे पोरगी सांगून राह्यली.”

मी जवळ जाऊन विचारले, “कोण पोरगी, आजी?”

“आपलीच असन ना बापा कोनाची तरी,” ती म्हणाली.

ही दिवाळी आमच्याकडे शालीवाचून आली. कपाट आवरताना सौभाग्यवतींच्या ते ध्यानात आले. त्यांनी सहा शाली वेगळ्या काढल्या आणि वडशाला पाठवायच्या म्हणून बांधून ठेवल्या. झाडीपट्टीत रात्रभर उघड्यावर नाटक चालते आणि पहाटे गारठा पडतो. गाठोडे बांधताना त्या एवढेच म्हणाल्या, “या फुकट पाठवते आहे हं. ते मी ठरवलं आहे.”